माझ्या खुर्चीवर बसलेली बाई

आमच्या धंद्यात बँडमधल्या ठरलेल्या जागेला खुर्ची म्हणतात, मग ती जागा उभ्यानं वाजवायची का असेना. सोल आणि फंक वाजवणाऱ्या एका बँडमध्ये ऱ्हिदम गिटारची खुर्ची गेली वीसेक वर्षं माझी आहे. हाच बँड रेकॉर्डिंगलाही जातो. एखाद्या गायकाला मागे वाजवणारी तयार माणसं हवी असली की आम्हाला बोलावतात. लंडनमध्ये अशा खुर्च्या थोड्या आणि त्यांवर टेकायला बुडं पुष्कळ, त्यामुळे आपली सोडून लांब जायचं नसतं.

पण कधी जावंच लागतं. अशा वेळी आपणच आपला बदली पाठवायचा, त्याला इथं डेप म्हणतात. डेप निवडायचा एक नियम आहे. तो कुठं लिहिलेला नाही आणि सगळ्यांना पाठ आहे. डेप असा हवा की कुणी तक्रार करू नये, आणि असाही हवा की दुसऱ्या दिवशी कुणाला त्याची आठवण येऊ नये. थोडक्यात, आपल्यापेक्षा थोडा कमी. डेपलाही एक पथ्य असतं: ज्याच्या जागी गेलो त्याला विचारल्याशिवाय तिथलं पुढचं काम घ्यायचं नाही. ही दोन कलमं पाळली की बाकी सगळं सुरळीत चालतं.

मी मूळचा ठाण्याचा. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू. एकोणिसाव्या वर्षी इल्फर्डला मामाकडे आलो तो इलेक्ट्रिकलचा कोर्स करायला. मामाच्या शेजारी एक ड्रमर राहायचा, त्याच्या गॅरेजमध्ये गिटार घेऊन बसायला लागलो आणि कोर्स बुडाला. मामा वर्षभर माझ्याशी बोलला नाही. तेव्हापासून दुसऱ्यांच्या गाण्यांत वाजवतोय. तुम्ही माझे हात ऐकले असतील, नाव ऐकलं नसेल. एकदा आमचा बॉयलर बंद पडला म्हणून कंपनीला फोन केला, तर वाट बघायला लावतात तेव्हाच्या संगीतात गिटार माझीच होती. बराच वेळ ती ऐकत थंडीत कुडकुडत उभा होतो.

मी मत्सरी माणूस आहे. ही कबुली नव्हे, नुसती ओळख करून देतोय. पुढे येऊन सोलो वाजवणाऱ्यांचा मी मत्सर करतो, केस शाबूत असलेल्या गिटारवाल्यांचा करतो, आणि क्रॉयडनमधल्या एका गृहस्थाचा तर नेमानं करतो, कारण तो माझ्या खुर्चीवर डोळा ठेवून आहे. पण हे सगळे मत्सर जुने, सवयीचे होते. अंगवळणी पडलेल्या पाठदुखीसारखे. खरा जळफळाट काय असतो ते मला साठीला टेकल्यावर कळलं, आणि तो आमच्या घरात पोह्यांच्या पाकिटाबरोबर आला.

माझी बायको किराणा दुकानात जाडे पोहे शोधत होती. शेजारी उभी असलेली एक मुलगी पातळ पोहे शोधत होती. दोघी मराठीत पुटपुटत होत्या, मग काय, पुढच्या शनिवारी ती आमच्याकडे चहाला. मुलगी म्हणजे चौतीस-पस्तिशीची बाई, नागपूरची. नवरा एका बँकेच्या सॉफ्टवेअरमध्ये, त्याच्या व्हिसावर ती इथं आलेली, आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे राहणारी. भिंतीला टेकवलेली माझी गिटार बघून म्हणाली की ती नागपूरला ऑर्केस्ट्रात वाजवायची. गणपतीत, देवीत, लग्नांत, सिनेमाची गाणी. ऑर्केस्ट्रा म्हटल्यावर मी मनातल्या मनात नाक मुरडलं. चमचमत्या कोटातला निवेदक आणि फाटक्या आवाजाचा गायक डोळ्यांपुढे आले. मोठ्या मनानं म्हटलं, "वाजव की."

तिनं एकच कॉर्ड घेतला आणि उजवा हात हलवायला लागली. फंकच्या गिटारमध्ये उजवा हात पीठ चाळल्यासारखा एकसारखा हलत राहतो. डावा हात तारांवर नुसता टेकलेला असला की खर्र खर्र येतं, दाबला की सूर येतो. कुठं दाबायचं आणि कुठं नाही, एवढीच सगळी विद्या. मिनिटभरात माझ्या बायकोचा पाय ठेका धरायला लागला. लग्नाला इतकी वर्षं झाली, माझ्या वाजवण्यावर तो पाय कधी हललेला मी बघितलेला नाही. माझ्या पोटात दुखायला सुरुवात झाली ती तिथं.

"कसं वाटलं, काका?" तिनं विचारलं.

काका. बँडमधली पंचविशीतली पोरं मला नावानं हाक मारतात, आणि ही मला काका म्हणत होती. मी म्हटलं, बरं आहे, हात जरा सैल सोड. तिचा हात इतका सैल होता की त्याहून सैल सोडला असता तर गळून पडला असता. ती मात्र लक्षपूर्वक मान डोलावत होती. ती गेल्यावर बायको कपबशा उचलताना म्हणाली, "अहो, चेहरा सरळ करा आता, गेली ती."

तर अशा बाईला मी माझ्या खुर्चीवर पाठवलं कसं? त्याला कारण माझी आई.

आई आता इल्फर्डलाच राहते. तिच्या खुब्याचं ऑपरेशन झालं होतं. ते नीट पार पडलं तर मलिदा करीन असा तिनं नवस बोलला होता. मलिदा म्हणजे आमच्यातला नवस फेडायचा विधी. भिजवलेल्या गोड पोह्यांत खोबरं, वेलची, वर फळं, आणि सगळ्यांनी मिळून प्रार्थना. ती व्हायची तर दहा मोठे पुरुष हजर लागतात. आमची माणसं इथं मुळात मूठभर, त्यातली निम्मी कुठं कुठं पांगलेली. आईनं महिनाभर फोन करून एका रविवारी नऊ जण गोळा केले होते. दहावा मी. आणि त्याच रविवारी रेकॉर्डिंग लागलं. एक जुनी, नावाजलेली सोल गायिका बऱ्याच वर्षांनी नवीन रेकॉर्ड करत होती, आणि तिला आम्ही हवे होतो.

आईला म्हटलं, तारीख बदलू. ती म्हणाली, देवाला सांगू का, मुलाला गिटार वाजवायची आहे म्हणून? म्हणजे रविवार तिचा. गंमत बघा, प्रार्थनेत मी सुरात आहे की नाही हे कुणी विचारत नाही. बसलेला दिसलो की झालं. आणि नेमका तिथं डेप चालत नाही.

माझा नेहमीचा डेप लीड्सचा. तिथल्या हॉस्पिटलात एक्स-रे काढतो आणि सुट्टीच्या दिवशी गिटार वाजवतो, तीही एक्स-रे काढल्यासारखी: स्वच्छ आणि करडी. त्याच्यासारखा डेप देवानं सगळ्यांना द्यावा. त्या रविवारी त्याची ड्यूटी होती. आणखी दोघं-तिघं आधीच कुठं ना कुठं अडकलेले. उरला क्रॉयडनचा गृहस्थ. त्याला पाठवणं म्हणजे मांजराला दुधाची राखण सांगणं. दगडापेक्षा वीट मऊ, असा विचार करून मी तिला फोन केला. या धंद्यात ती कुणाला ओळखत नव्हती, तिला कुणी ओळखत नव्हतं. रेकॉर्डिंगचा लाल दिवा लागला की घाबरेल आणि बेताचं वाजवेल, असा माझा हिशोब होता.

तिला मी डेपचा नियम समजावून सांगितला. हसत हसत म्हटलं, "डेप नेहमी आपल्यापेक्षा थोडा कमी लागतो. म्हणून तुला पाठवतोय."

तीही हसली. "चालेल ना काका. थोडी कमी वाजवून येते."

रविवारी दिवसभर मी आईकडे होतो. प्रार्थना झाली, पोहे वाटले गेले, आई नवीन खुब्यावर टेचात बसली होती आणि जो येईल त्याला चालून दाखवत होती. माझं अर्धं लक्ष खुंटीवरच्या कोटाच्या खिशात, फोनमध्ये. संध्याकाळी तो वाजला. आमचा बँडचा प्रमुख, सॅक्सोफोन वाजवणारा, मुळात कमी बोलणारा माणूस. एरवी डेप गेला की तो मला 'ओके' एवढाच निरोप पाठवतो. त्या दिवशी त्यानं फोन केला आणि विचारलं, हिला कुठून आणलंस? गायिका म्हणे कोचावरून उठून तिच्या गिटारच्या अँपशेजारी जाऊन उभी राहिली होती, आणि उरलेला वेळ तिथूनच गायली. मी म्हटलं, आमच्या शेजारी राहते. फोन ठेवला आणि समोरचे गोड पोहे मला कडू लागले. याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण.

रेकॉर्ड तयार झाल्यावर गाणी माझ्याकडे आली, कारण त्या गायिकेच्या लीड्समधल्या कार्यक्रमात तीच वाजवायची होती. खुर्ची माझी, म्हणजे वाजवायचं मीच. स्वयंपाकघरात लॅपटॉप लावून ऐकायला बसलो. चूक सापडेल या आशेनं बसलो, खोटं कशाला सांगू. तिसऱ्या गाण्यात ती दुसऱ्या कडव्याला जवळजवळ काहीच वाजवत नाही. नुसती खर्र खर्र, तीही आहे की नाही इतकी. आणि मग एक फटका. एकच, बारीक, दोन तारांचा. गायिकेचा श्वास जिथं संपतो नेमका तिथं. लगेच पुढची ओळ त्या फटक्यावर पाय देऊन वर चढते. मी ते परत लावलं, परत लावलं. मी ती मोकळी जागा सुरांनी भरली असती. इतकी वर्षं मी तिथं भरतच आलोय. अंगाचा नुसता तिळपापड झाला.

मग मी तोच तुकडा वाजवायला बसलो. सूर तेच, कॉर्ड तोच, गिटारसुद्धा तीच, कारण तिच्याकडे स्वतःची नसल्यामुळे माझीच घेऊन गेली होती. दिवसचे दिवस बसलो. माझा फटका एक तर आधी पडायचा, नाही तर बरोबर पडून मेलेला निघायचा. एका दुपारी बायको आत येऊन म्हणाली, "अहो, तिलाच विचारा ना एकदा. नाहीतर शेजारी तक्रार करतील, एकच गाणं ऐकून." बायकांना काही कळत नाही म्हणून मी तिच्यावर ओरडलो आणि कोट घालून बाहेर पडलो. सरळ दोन गल्ल्या पलीकडे गेलो.

तिनं दार उघडलं, चहा टाकला. मी इकडचं तिकडचं बोललो, लीड्सच्या कार्यक्रमाचं बोललो, मग सहज आठवल्यासारखं म्हटलं की त्या तिसऱ्या गाण्यात तू काय केलंस ते जरा दाखव, म्हणजे मला तसंच ठेवता येईल. दाखवायला तिला गिटार लागलीच नाही. एका मिनिटात सांगून टाकलं.

"काका, तुम्ही ड्रमरकडे बघता. मी गाणाऱ्याकडे बघते. गळ्याकडे."

ऑर्केस्ट्रात रिहर्सल नसायची, ती सांगत होती. गाणारा ओळ विसरायचा, उशिरा उचलायचा, कधी आयत्या वेळी कडवंच गाळायचा. मांडवात लोक बसलेले, थांबता यायचं नाही. म्हणून गळ्याकडे बघायचं. श्वास घेतला की गळा हलतो, तेव्हा कळतं आता हा येणार. तोवर आपण गप्प राहायचं. नागपूरला सगळेच असं वाजवतात, ती म्हणाली, त्यात विशेष काही नाही.

ते 'विशेष काही नाही' मला चाबकासारखं लागलं. मी नाक मुरडलं होतं त्या चमचमत्या कोटाच्या निवेदकामागे बसून ही बाई जे शिकली ते मला लंडनच्या कुठल्याही स्टुडिओनं शिकवलं नव्हतं. आणि वर तिनं ते दडवलंही नाही. मी असतो तर दडवलं असतं. तिनं मला एक लाडूही दिला.

लीड्सला मी गायिकेच्या गळ्याकडे बघत वाजवलं. पहिल्या दोन गाण्यांत बघता बघता ठेकाच सुटला, ड्रमरनं माझ्याकडे डोळे वटारले. तिसऱ्या गाण्यात जमलं असं मला वाटलं. फटका पडला, ती वर गेली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. विंगेत आल्यावर ती घाम पुसत माझ्याकडे आली. मला वाटलं, आता दोन शब्द चांगले ऐकायला मिळणार. तिनं मोठ्या प्रेमानं विचारलं, ती मुलगी आज का नाही आली?

परत येताना व्हॅनमध्ये बँडचा प्रमुख माझ्या शेजारी बसला. म्हणाला की गायिकेला पुढच्या रेकॉर्डलाही गिटारवर तीच मुलगी हवी आहे. गायिकेच्या माणसांनी त्या मुलीला परस्पर विचारलं होतं. तिनं सांगितलं होतं, खुर्ची काकांची आहे, त्यांना विचारा. म्हणून तो विचारत होता. रेकॉर्ड गेलं की कार्यक्रम जाणार, कार्यक्रम गेले की खुर्ची, हे त्यालाही कळत होतं आणि मलाही. मी म्हटलं, विचार करून सांगतो.

विचार कसला करणार? नुसता जळत होतो. तिनं मला न विचारता काम घेतलं असतं तर किती बरं झालं असतं. चारचौघांत तिला नावं ठेवली असती, आयत्या बिळावर नागोबा म्हटलं असतं, क्रॉयडनच्या गृहस्थालाही माझ्या बाजूनं वळवलं असतं. पण ती चांगली वाजवत होती आणि चांगली वागतही होती. माणसानं दोन्हीपैकी एक तरी सोडावं की नाही दुसऱ्यासाठी? मी दोन आठवडे उत्तर दिलं नाही. त्या दिवसांत एकदा ती रस्त्यात भेटली. काहीच विचारलं नाही तिनं, आईच्या खुब्याची तेवढी चौकशी केली.

आणि मग तिच्या नवऱ्याला एडिनबराला मोठी नोकरी लागली. सुंठीवाचून खोकला गेला. सामान हलवायच्या दिवशी मी स्वतः जाऊन खोकी उचलली, इतक्या उत्साहानं की तिचा नवरा मला सारखा बसा बसा म्हणत होता. बायकोनं तिला जाडे पोहे बांधून दिले. निघताना ती पाया पडली आणि म्हणाली, "काका, तुमच्यामुळे इथं परत वाजवायला मिळालं." व्हॅन वळली तशी मी बँडच्या प्रमुखाला फोन करून सांगितलं की ती लंडन सोडून गेली, फार वाईट झालं. पुढचं रेकॉर्ड मीच वाजवलं. ठीक झालं. प्रमुखानं 'ओके' असा निरोप पाठवला, डेप गेल्यावर पाठवतो तसा.

ती गेल्यावर मला सुख लागायला हवं होतं. आठवडाभर लागलंही. मग मी तिच्या एडिनबराच्या बँडचे व्हिडिओ शोधून बघायला लागलो. तिथं जाऊन काही महिन्यांत तिनं एक सोल बँड गाठला होता. पक्की खुर्ची. स्वतःची नवी गिटारही घेतली होती, माझ्यापेक्षा चांगली. कॅमेरा तिच्यावर क्वचितच जायचा, कारण आमच्यासारख्यांवर तो जातच नाही. पण लोक नाचत होते आणि ते कुणामुळे नाचताहेत ते मला दिसत होतं. रोज बघायचो आणि रोज पोटात दुखायचं. बायको म्हणायची, डॉक्टरकडे जा नाहीतर एडिनबराला जा.

मागच्या आठवड्यात तिचा फोन आला. मी आणि बायको जेवायला बसत होतो. आधी आईची चौकशी झाली, मग म्हणाली, "काका, एक काम होतं. भावाचं लग्न आहे, नागपूरला चाललेय. एका शनिवारचा गिग आहे इकडे, आणि मला डेप पाहिजे. याल का तुम्ही?"

मला क्षणभर कळेना, काय विचारते आहे ही. इतकी वर्षं मी खुर्चीवरचा माणूस. आता हिच्या जागी बदली म्हणून जायचं, अर्धा दिवस ट्रेनमध्ये बसून, स्कॉटलंडपर्यंत. मी जरा तोऱ्यातच म्हटलं, "डेपचा नियम काय असतो, ते लक्षात आहे ना?"

"आहे ना, काका," ती म्हणाली. "म्हणूनच तुम्हाला फोन केला."

तिच्या आवाजात खवचटपणा औषधालाही नव्हता. मी शिकवलेला नियम तिनं नीट लक्षात ठेवला होता आणि नीट वापरला होता. तिला तिच्या खुर्चीची खात्री होती. माझ्या कानशिलात जाळ झाला. मी म्हटलं, गाणी पाठवून दे.

फोन ठेवल्यावर बायकोला सांगितलं, तर ती इतकी हसली की तिला घास बाजूला ठेवावा लागला. मी जेवण तसंच टाकून उठलो. त्या शनिवारी एडिनबरात कुणाला तिची आठवण येता कामा नये, एवढंच डोक्यात होतं. तिच्या बँडमधल्या गायकाचा व्हिडिओ लावला, आवाज पूर्ण बंद केला, आणि त्याच्या गळ्याकडे बघत बसलो.